कोपर निखळून आत दोन हाडे मोडली आहेत: प्लास्टरवर भागेल की शस्त्रक्रियाच करावी?

हळदीचे शेत

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाचे वय 38 असून आमचा सहा म्हशींचा गोठा तोच सांभाळतो. गेल्या रविवारी शेडच्या पत्र्यावर चढताना शिडी सरकली आणि तो साधारण सात फुटांवरून डाव्या हाताच्या पंजावर पडला. कोपर मागच्या बाजूला निखळले होते. तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी त्याच दिवशी भूल देऊन सांधा बसवला आणि कोपर काटकोनात ठेवून मागून प्लास्टरची पट्टी बांधली. बोटे हलतात, नाडी लागते आणि सूज आता थोडी उतरली आहे.

अडचण पुढची आहे. सांधा बसवल्यानंतरच्या एक्स-रेमध्ये रेडियल हेडचे (कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडच्या रेडियसच्या वरच्या डोक्याचे) तुकडे झालेले दिसतात आणि अल्नाच्या (करंगळीकडच्या हाडाच्या) पुढच्या टोकाचा, म्हणजे कोरोनॉइडचा, एक लहानसा टवका उडालेला आहे. पहिल्या डॉक्टरांच्या मते टवका किरकोळ आहे आणि तीन-चार आठवडे प्लास्टर ठेवून पाहता येईल. साताऱ्याच्या दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र सीटी स्कॅन करून लवकर शस्त्रक्रिया करावी, कदाचित रेडियल हेड काढून धातूचे बसवावे लागेल, असे सांगितले. आमच्या चुलत्यांचे रेडियल हेड पंचवीस वर्षांपूर्वी नुसते काढून टाकले होते आणि ते अजून कुदळ मारतात, त्यामुळे धातूच्या तुकड्यावर खर्च कशाला, असा घरातला सूर आहे. शेजारचे लोक हाडवैद्याचे नाव सुचवत आहेत, ती गोष्ट वेगळीच.

आज पाचवा दिवस आहे. टवका इतका लहान असताना दोन डॉक्टरांच्या मतांत एवढे अंतर का पडावे, हे मला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अस्थिसंधी

मी अस्थिशल्यचिकित्सक असून आता निवृत्त झालो आहे. एक्स-रे न पाहता आणि रुग्णाला हात न लावता कोणीही निर्णय देऊ नये, मीही देणार नाही. मात्र आपण जे वर्णन केले आहे त्याला आमच्या शाखेत स्वतंत्र नाव आहे आणि त्या नावामागचे कारण समजले की दोन मतांमधले अंतरही समजेल.

सांधा निखळणे, रेडियल हेड मोडणे आणि कोरोनॉइड मोडणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्या दुखापतीला कोपराचे ‘टेरिबल ट्रायड’, म्हणजे भयंकर त्रिकूट, म्हणतात. हे नाव 1996 साली हॉचकिस या अमेरिकी शल्यचिकित्सकाने दिले. नाव थोडे नाटकी आहे हे मान्य, पण उपचार करूनही सांधा पुन्हा निसटणे, आखडणे आणि लवकर झिजणे हा अनुभव त्या काळी इतका वारंवार येत होता की ते टिकून राहिले.

कोपर स्थिर कशामुळे राहते ते पाहू. अल्नाच्या वरच्या टोकाला पान्याच्या जबड्यासारखी खोबण असते आणि तिने दंडाच्या हाडाचे खालचे टोक धरलेले असते. जबड्याचा मागचा ओठ म्हणजे कोपराचे टोक आणि पुढचा ओठ म्हणजे कोरोनॉइड. दंडाच्या पुढचे आणि मागचे असे दोन्ही बाजूंचे स्नायू अल्नाला सतत मागे ओढत असतात आणि ती ओढ अडवतो तो हा पुढचा ओठ. बाहेरच्या बाजूला रेडियल हेड खांबासारखे उभे असते. आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही अंगांना अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे, असतात. पंजावर पडून कोपर निखळते तेव्हा बाहेरचा अस्थिबंध बहुधा दंडाच्या हाडावरून मुळासकट उपटला जातो, आणि एक्स-रेमध्ये अस्थिबंध दिसत नाहीत. म्हणजे कागदावर मोडलेली हाडे दोनच असली तरी आत तुटलेल्या गोष्टी तीन किंवा चार असतात.

आता टवक्याविषयी. त्रिकुटातला कोरोनॉइडचा तुकडा बहुतेक वेळा लहानच असतो. 1989 पासून वापरात असलेल्या रीगन आणि मोरी यांच्या वर्गीकरणात केवळ टोक उडाले तर पहिला प्रकार, निम्म्यापर्यंत गेले तर दुसरा आणि निम्म्याहून अधिक गेले तर तिसरा, असे धरतात. मात्र सांध्याची पुढची पिशवी या टोकाच्या अगदी जवळ चिकटलेली असते, त्यामुळे टवक्याबरोबर तीही सुटून आलेली असते. एकटा टवका उडाला असता तर पहिल्या डॉक्टरांशी मी सहमत झालो असतो. टवका अधिक रेडियल हेड अधिक निखळलेला सांधा, असे असेल तर टवक्याचा आकार पाहून दुखापतीचे मोजमाप करणे ही चूक आहे. दरवाजाची एक बिजागरी ढिली असली तर चालते, कारण उरलेल्या दोन घट्ट असतात. येथे तिन्ही ढिल्या आहेत.

चुलत्यांच्या बाबतीत बहुधा केवळ रेडियल हेड मोडले असावे. सांधा निखळलेला नसेल आणि अस्थिबंध शाबूत असतील तर ते काढूनही हात चालतो, याची उदाहरणे आम्ही सर्वांनी पाहिली आहेत. कोपर सरळ असताना पंजावर दाब आला तर त्यातला सुमारे 60 टक्के भार रेडियसच्या बाजूने दंडाकडे जातो. अस्थिबंध तुटलेले असताना तो खांबच काढून टाकला तर सांध्याला उभे राहायला काहीच उरत नाही. त्यामुळे अशा कोपरात रेडियल हेड एक तर जोडायचे, नाही तर बदलायचे. नुसते काढायचे नाही. तुकडे दोन किंवा तीन असतील तर बारीक स्क्रूंनी जोडता येतात. त्याहून अधिक असतील तर जोडकाम टिकत नाही, असा अनुभव आहे, आणि मग धातूचे हेड हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

शस्त्रक्रियेचा क्रम सर्वसाधारणपणे ठरलेला आहे. पुढे 2004 साली कॅनडातील शल्यचिकित्सकांनी तो रीतसर मांडला आणि आज जगभर थोड्याफार फरकाने तोच पाळला जातो. बाहेरच्या बाजूने आत शिरायचे आणि सर्वांत खोलवरची गोष्ट आधी दुरुस्त करायची. तुटलेले रेडियल हेड बाजूला झाले की त्या मोकळ्या जागेतून कोरोनॉइड दिसतो, आणि ही संधी नवे हेड बसवल्यावर पुन्हा मिळत नाही. टवका लहान असेल तर स्क्रू धरत नाही, म्हणून अल्नामध्ये मागून दोन बारीक भोके पाडून टवका आणि पिशवी मिळून जाड दोऱ्याने खाली ओढून बांधतात. मग रेडियल हेड, आणि शेवटी उपटलेला बाहेरचा अस्थिबंध दंडाच्या हाडावर त्याच्या मूळ जागी. ही मूळ जागा चुकली तर अस्थिबंध हात वाकवताना सैल आणि सरळ करताना ताठ होतो, किंवा उलट. त्यानंतर टेबलावरच कोपर हलवून सी-आर्मखाली, म्हणजे शस्त्रक्रियागृहातल्या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली, पाहायचे. तरीही सांधा निसटत असेल तर आतला अस्थिबंध शिवायचा किंवा बाहेरून बिजागरीची चौकट लावायची. ही वेळ फार थोड्यांवर येते.

प्लास्टरवर निभावणारे रुग्ण नसतातच असे नाही. पण त्यासाठी सीटीमध्ये सांधा तंतोतंत बसलेला दिसला पाहिजे, दोन्ही हाडांचे तुकडे लहान आणि जागेवर हवेत, तळहात उताणा-पालथा करताना अडकता कामा नये, आणि कोपर शेवटचे 30 अंश सोडून सरळ केले तरी ते निसटता कामा नये. ‘तीन-चार आठवडे बांधून पाहू’ ही यातली कोणतीच कसोटी नव्हे.

नागमोडी

डॉक्टरसाहेबांचा पूर्ण आदर ठेवून विचारतो. एक्स-रेमध्ये सर्व काही दिसत असताना सीटीचा आग्रह हा बिल वाढवण्याचा प्रकार नसतो का? आमच्या घरी हा अनुभव आलेला आहे.

अस्थिसंधी

तुमची शंका गैर नाही. साध्या मोडीत सीटीची गरज नसते आणि ती सांगितली गेली तर कारण अवश्य विचारावे. येथे ती का लागते ते लिहितो.

चांगल्या एक्स-रेवर पुष्कळ कळते. रेडियसच्या मधून ओढलेली रेघ कोणत्याही कोनातल्या चित्रात दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या गोल भागाच्या मध्यातून गेली पाहिजे. जात नसेल तर रेडियल हेड जागेवर नाही. बाजूने काढलेल्या चित्रात दंडाचे हाड आणि अल्नाची खोबण यांच्यात फट वाढलेली दिसली, साधारण 4 मिलिमीटर किंवा अधिक, तर सांधा लोंबतो आहे असे समजावे. इटलीतील मोंतेज्जिया या शल्यचिकित्सकाने अल्ना मोडून रेडियल हेड निखळण्याची दुखापत 1814 मध्येच वर्णन केली होती, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या 81 वर्षे आधी, केवळ हातांनी चाचपून. आपण मात्र चित्र समोर असताना ती दुखापत नजरेतून सोडतो, याची खंत वाटते.

एक्स-रेची मर्यादा अशी की कोपरात तीन हाडे एकमेकांवर पडलेली दिसतात आणि कोरोनॉइडचा तुकडा त्यात हरवतो. तो नुसता टोकाचा आहे, आतल्या बाजूच्या कंगोऱ्याचा आहे की बुडापासून सुटला आहे, यावरून चीर कोणत्या बाजूने घ्यायची हे ठरते. 2003 साली ओड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी याच तीन जागांवरून नवे वर्गीकरण केले. आतल्या कंगोऱ्याची मोड एक्स-रेत निरुपद्रवी वाटते, पण ती वेगळ्याच यंत्रणेने होते, रेडियल हेड बहुधा शाबूत राहते, आणि ती दुर्लक्षित राहिली तर सांधा तिरपा होऊन थोड्या काळात घासला जातो. तिथे आतल्या बाजूने जाऊन लहान प्लेट लावावी लागते. शिवाय सीटीच्या त्रिमितीय चित्रातून संगणकावर दंडाचे हाड वजा करता येते आणि अल्नाची खोबण उघडी दिसते. रेडियल हेडचे तुकडे किती, हेही तेथेच समजते, आणि त्यावरून धातूचे हेड मागवून ठेवायचे की नाही ते आधी ठरते. एमआरआय मात्र ताज्या त्रिकुटात क्वचितच लागतो. अस्थिबंध तुटलेला आहे हे आम्ही गृहीतच धरतो.

मूळ लेखकास आणखी एक विनंती. भावाचे मनगटही तपासून घ्यावे. पडण्याचा जोर पंजातून वर जातो, त्यामुळे क्वचित रेडियस आणि अल्ना यांच्यामधला पडदाही फाटतो आणि मनगटापाशी सांधा हलतो. एसेक्स-लोप्रेस्टी यांनी 1951 मध्ये याकडे लक्ष वेधले. मनगट दुखत असेल तर रेडियल हेड काढून टाकण्याचा विचारसुद्धा करू नये.

जुना पेशंट

माझा अनुभव लिहितो, कारण ‘थांबून पाहू’ याची किंमत मी भरली आहे. बारा वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडून माझे उजवे कोपर याच प्रकारे निखळले. त्या वेळी एका रुग्णालयात सहा आठवडे प्लास्टर ठेवले. ते काढले तेव्हा कोपर काटकोनात लाकडासारखे झाले होते. घाबरून मी हाडवैद्याकडे गेलो. त्याने गरम तेलाने रोज अर्धा तास चोळून, ओरडलो तरी न थांबता हात ताणला. पहिला आठवडा थोडा फरक वाटला, मग कोपर तापायला लागले, सुजले, आणि दोन महिन्यांनी एक्स-रेत सांध्याच्या पुढे नसलेले हाड उगवलेले दिसले.

त्यानंतर एका वर्षाने ते जास्तीचे हाड काढण्याची आणि सांधा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया झाली. आज माझा हात पूर्ण सरळ होत नाही, 35 अंशांवर अडतो, आणि वाकतो तो 120 पर्यंत. घास तोंडापर्यंत जातो. शर्टाच्या गळ्याचे बटण मात्र डाव्या हाताने लावतो. हाडवैद्याला एकट्याला दोष देत नाही, सहा आठवड्यांत अर्धे नुकसान झालेलेच होते. पण दुखापत झालेल्या कोपराला मालीश करू देऊ नका, एवढे हात जोडून सांगतो.

हालचाल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरील अनुभव दुर्मीळ नाही. मुका मार लागलेल्या कोपराभोवतीचे स्नायू चोळले किंवा जबरदस्तीने ताणले तर त्यात हाड तयार होण्याचा धोका वाढतो, आणि कोपर हा त्यासाठी कुप्रसिद्ध सांधा आहे. कोपर बांधून ठेवले तर आखडते आणि ओढाताण केली तर हाड उगवते. त्यामुळे मार्ग एकच उरतो: लवकर, थोडी आणि रुग्णाने स्वतः केलेली हालचाल.

शस्त्रक्रिया झाली तर तिचा खरा उपयोग हाच आहे की सांधा पहिल्या काही दिवसांतच हलवता येण्याइतका स्थिर होतो. आम्ही रुग्णाला पाठीवर झोपवून दंड छताकडे उभा धरायला सांगतो आणि त्या स्थितीत कोपर वाकवून-सरळ करायला लावतो. उभे राहून केले तर हाताचे वजन सांध्याला खाली ओढते. झोपून केले तर तेच वजन सांधा मिटवून धरते. बाहेरचा अस्थिबंध शिवलेला आणि आतला शाबूत असेल तर त्या वेळी तळहात पालथा ठेवतात. तळहात उताणा-पालथा करण्याचा व्यायाम कोपर काटकोनात असतानाच करायचा. शेवटचे 30 अंश सरळ करण्याची घाई पहिले काही आठवडे करायची नाही; नेमके किती आठवडे, ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सांगतील, कारण शिवण किती पक्की आहे ते त्यांनीच पाहिलेले असते.

गोठ्याचे काम असल्यामुळे एक गोष्ट ठळकपणे लिहिते. दंड अंगापासून बाजूला उचलून काहीही धरायचे नाही. बादली तर दूरच, त्या स्थितीत हाताचे स्वतःचे वजनसुद्धा शिवलेल्या बाहेरच्या अस्थिबंधावर येते. खुर्चीच्या हातावर दाब देऊन उठण्यालाही सुरुवातीचे काही आठवडे मनाई असते, आणि हे बहुतेक जण नकळत करतात.

किती हालचाल परत येईल, असा प्रश्न पुढे येईलच. रोजच्या बहुतेक कामांना कोपर 30 ते 130 अंशांत वाकले आणि तळहात दोन्ही बाजूंना 50-50 अंश फिरला तरी पुरते, हे 1981 मध्येच मोजून ठेवले आहे. शेवटचे काही अंश सरळ न होणे ही यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही सामान्य गोष्ट आहे, तिची धास्ती घेऊ नये. तळहात पालथा कमी झाला तर माणूस खांदा उचलून भागवतो. उताणा कमी झाला तर तीर्थ घ्यायलाही अडते, म्हणून त्या व्यायामाकडे आम्ही अधिक लक्ष देतो.

हळदीचे शेत

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद मी घरी वाचून दाखवले आणि चुलत्यांनीच ‘माझे कोपर निखळले नव्हते’ असे सांगून वाद मिटवला.

सीटीमध्ये रेडियल हेडचे पाच तुकडे दिसले. कोरोनॉइडचे टोक सुटले होते आणि सांधा प्लास्टरच्या आतसुद्धा पूर्ण बसलेला नव्हता, बाहेरच्या बाजूने उघडलेला होता. मनगट ठीक होते. नवव्या दिवशी साताऱ्यात शस्त्रक्रिया झाली. टवका दोऱ्याने बांधला, धातूचे हेड बसवले आणि बाहेरचा अस्थिबंध परत लावला. चौकटीची गरज पडली नाही. निघालेले पाचही तुकडे डॉक्टरांनी टेबलावर बांगडीच्या काचा जुळवाव्यात तसे जुळवून त्यावरून नव्या हेडचे माप घेतले, असे त्यांनी नंतर सांगितले. मला ते थोडे घरगुती वाटले. ही पद्धत योग्य आहे ना?

दुसरे, आज शस्त्रक्रियेनंतरचा चौथा दिवस आहे. भावाची करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर आहे, मुंग्या येतात. त्याच्या म्हणण्यानुसार हे परवापासून आहे. वाट पाहावी का?

अस्थिसंधी

तुकडे जुळवून माप घेणे ही अगदी रीतसर पद्धत आहे. हेड गरजेपेक्षा उंच बसले तर समोरची कूर्चा झिजते आणि कोपर वाकायचे थांबते. थोडे लहान परवडते, मोठे परवडत नाही. त्या हेडचा दांडा काही प्रकारांत मुद्दाम सैल ठेवलेला असतो, त्यामुळे पुढच्या एक्स-रेमध्ये दांड्याभोवती फट दिसली तर लगेच घाबरू नका, कोणता प्रकार बसवला आहे ते विचारा.

बोटांच्या बाबतीत वाट पाहू नये. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू ही अल्नर नसेची हद्द आहे. ती नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते. निखळताना बसलेला ताण, सूज किंवा घट्ट बांधलेली पट्टी, यांपैकी कशानेही ती कुरकुरते आणि अनेकदा आपोआप सावरते. परंतु ती शस्त्रक्रियेच्या आधी ठीक होती का, याची नोंद केसपेपरवर आहे किंवा कसे, हे आजच पाहून घ्या आणि डॉक्टरांना आजच फोन करा. भावाला बोटे एकमेकांपासून फाकवायला सांगा आणि दोन बोटांत कागद धरून तो ओढून पाहा. कागद सहज निसटत असेल किंवा बोटे सरळ करताना हातात असह्य कळ येत असेल, तर फोनवर थांबू नका, पट्टी सैल करून घेण्यासाठी थेट रुग्णालयात न्या.

हळदीचे शेत

कागद धरता येतो, कळ नाही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पट्टी बदलायला संध्याकाळी पाच वाजता बोलावले आहे. आत्ताच निघतो आहोत.